झिरो तिकीट

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घरी बुद्धवंदना होते, अंगारे-धुपारे नाहीत. मी आदिलाबाद जिल्ह्यात बस कंडक्टर आहे, आणि लोक भुतापेक्षा कंडक्टरला जास्त भितात...

आमच्या राज्यात बायकांना साध्या बसमध्ये प्रवास फुकट. आधार कार्ड दाखवायचं, मी मशीनमधून झिरो तिकीट द्यायचं. फक्त कार्ड तेलंगणाचं हवं. आता सीमेवरची आमची माणसं — लेकीचं सासर इकडे, माहेर तिकडे. बस धरताना कार्ड कुठलं, हे कोण बघतं?

पावसाळा सरताना सकाळच्या गाडीत एका फाट्यावर म्हातारी चढली. हिरवं लुगडं, हातात पिशवी. कार्ड महाराष्ट्राचं, जवळ पैसे नाहीत.

"पोरगी बाळंतपणात अडली हाय व बाई, दवाखान्यात. जाऊ दे ना मले."

"मावशी, पुढं चेकिंग हाय. माही नोकरी जाईन."

पुढच्याच थांब्यावर तिला उतरवलं. ती भांडली नाही. पिशवी छातीशी धरून चालायला लागली.

आमच्या गाडीनं रोज येणाऱ्या नर्सबाईंनी नंतर सांगितलं — मावशी दुपारी पोचली, तोवर लेक गेली होती. महिन्याभरात मावशीही गेली.

मग थंडीत, एका सकाळी, त्याच फाट्यावर ड्रायव्हर गंगन्नानं गाडी थांबवली.

"काऊन थांबवली, अण्णा?"

"मावशीनं हात दाखवला ना."

फाट्यावर कुणी नव्हतं. मी निघायची डबल बेल दिली... आणि गळ्यातलं मशीन कुरकुरलं. बटण दाबलं नव्हतं, तरी तिकीट बाहेर आलं. झिरो तिकीट. तो फाटा ते दवाखाना. मी ते फाडून पुढच्या रिकाम्या सीटवर ठेवलं. का, ते मलाही माहीत नाही.

दवाखान्यापाशी थांबायची एक बेल वाजली. मी दोरी ओढली नव्हती. गाडी थांबली, कुणी उतरलं नाही. सीटवर तिकीट नव्हतं. थंडीमुळे खिडक्या सगळ्या बंद होत्या.

डेपोत मशीन तपासलं, बिघाड नाही. गंगन्ना म्हणतो, लुगडं हिरवं होतं. मी त्याला मावशीचं कधीच बोलले नव्हते, आणि तिला उतरवलं त्या दिवशी ड्रायव्हर दुसराच होता.

याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. एक मात्र पक्कं ठाऊक आहे — तिला उतरवलं त्या सकाळी तिच्या तिकिटापुरते पैसे माझ्या पर्समध्ये होते. ते भरायचं मला सुचलंच नाही. आता त्या फाट्यावर मी डबल बेल जरा उशिरानंच देते.