रोह्याचा भोंगा आणि अर्धा गुण

चाळिशीत बुद्धिबळाच्या राज्य निवडीसाठी रोह्याला जाणं हा शुद्ध वेडेपणा, असं घरी सगळ्यांचं मत पडलं. म्हणून तर गेलेच.

पनवेलहून रोह्याची गाडी पकडा. तिकीट स्वस्त, पण गाड्या मोजक्या, तेव्हा वेळ आधी बघून ठेवा. जिते, मग पेण. तिथे बरीच गर्दी उतरते आणि पुढे खिडकी आपलीच.

शाळेच्या हॉलमध्ये महिलांची ब्लिट्झ स्पर्धा होती, प्रत्येकीला डावाला पाच मिनिटं. शेवटच्या फेरीत माझ्यासमोर सुवर्णा, रोह्याचीच, नवरा इथल्याच रसायनांच्या कंपनीत शिफ्टला. जिंकेल तिची निवड, बरोबरी झाली तर दोघी घरी.

माझा हत्ती तिच्या राजाजवळ घुसला आणि बाहेर कंपनीचा भोंगा सुरू झाला. लांबलचक, न तुटणारा. सगळ्या मुकाट उठल्या, ओढण्या भिजवून नाकाला बांधल्या आणि निघाल्या. पंचही गेले. कोणी ओरडलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. रिकाम्या खुर्च्यांसमोर घड्याळं चालूच होती.

मी उठले नाही. उठले तर वेळ संपून हरणार. सुवर्णाही बसलेली.

"ताई, उठताय ना?" ती ओढणीआडून म्हणाली.

मला वाटलं, घाबरवून डाव मारतेय. "खेळताना बोलू नका," म्हटलं आणि घड्याळ दाबलं.

तिने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. तिचं लक्ष पटावर नव्हतंच, खिडकीबाहेरचा झेंडा कुठल्या बाजूला उडतोय तिकडे होतं. बाहेर माणसं तोंड बांधून एकाच दिशेला चालली होती. मला दोन चालींत मात दिसत होती. पण तिने पटाकडे न बघताच घोडा भलत्याच घरात ठेवला आणि माझा धीर सुटला.

"बरोबरी?"

"चालेल, चला!" माझं मनगट धरून तिने मला ओढतच बाहेर नेलं.

मैदानात पोचतो तो शिट्टी झाली. गॅसगळतीचा सराव होता. बायका हसत ओढण्या सोडू लागल्या.

"अगो सुवर्णा, कुठं व्हतीस?" एक म्हातारी ओरडली.

मी भडकले. "सराव आहे हे तुला माहीत होतं ना?"

"नाय ओ ताई. सांगून कुठं करतात? मला भोंगा खराच वाटला."

"मग बसलीस कशाला?"

"तुम्ही उठत नव्हता. वारा कुठला, जायचं कुठं, तुम्हाला काय ठाऊक नाय. एकटीला टाकून कशी जाऊ?"

घरी सगळे विचारतात, काय झालं? बरोबरी, एवढंच सांगते. निवड हुकली याची हळहळ आहेच, ती मात अजून डोळ्यांसमोर येते. पण भोंगा खरा असता, तर माझ्या हट्टापायी तीही त्या खुर्चीवरून उठली नसती.