गया आणि तीन उन्हाळ्यांचे पैसे

कुणी हाक मारली तर गया लगेच कधी ओ देत नसे. "थांबा, हातातलं होऊ द्या," म्हणायची. भाकरी थापत असली तर ती आधी तव्यावर पडायची, लुगडं पिळत असली तर त्यातलं शेवटचं पाणी निघायचं, मग ती मान वर करायची. एकदा मोंढ्यात, धान्य-हळदीच्या बाजारात, माझ्या पायावर हळदीचं पोतं पडलं. चौघांनी मला उचलून दारात आणलं. ही चुलीपुढं. तिथूनच म्हणाली, "जीव हाय ना? मग टेकवा बाजेवर. एवढं पिठलं उतरवते." पिठलं उतरवलं, झाकलं, मग येऊन माझा पाय मांडीवर घेतला आणि दिवे लागेपर्यंत खाली ठेवला नाही. बाई अशी होती.

ही गया माझी बायको. मागल्या हिवाळ्यात गेली. मी चौथीपर्यंत शिकलेला, वसमतच्या मोंढ्यात सारा जन्म हमाली केलेला माणूस. मला गोड लिहिता येत नाही. आणि तिच्याबद्दल लिहायचं तर माझा हलकटपणा लिहावाच लागतो, त्याशिवाय ती कशी होती ते कळायचं नाही.

आमच्या दोन पोरी. त्यांना वाढवताना गयाला उसंत नव्हती. लेकरू बांधावर झोळीत आणि ही दुसऱ्याच्या कापसात. सत्त्याण्णव साली धाकटीचं लग्न झालं तेव्हा मी मनात म्हटलं, आता आपण दोघंच. आता ही माझ्याकडं बघंल. हसू नका. पन्नाशीतल्या माणसालाही असं वाटतं.

दोन महिने गेले नसतील, मागच्या कॉलनीतल्या बाई आल्या. नवरा-बायको दोघंही शाळेत मास्तर. जयभीमवाले, आपलेच, पण शिकून सिमेंटच्या घरात गेलेले. काखेत सहा महिन्यांची पोरगी. "गयामाय, मी शाळेतून येईपर्यंत हिला सांभाळता का? महिन्याला दोनशे देईन."

गया तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला सारलं, उठली आणि पोरीला घेतलं. अर्धे तांदूळ तसेच पडले. मी बाजेवर बसून बघत होतो. तीस वर्षांत माझ्यासाठी तिनं कधी सूप बाजूला सारलं नव्हतं.

तिथून मी त्या पोरीवर जळायला लागलो.

पोरीचं नाव मिनू. माझं कोरं धोतर फाडून गयानं तिच्यासाठी झोळी बांधली. दुधावरची साय माझी असायची, ती मिनूच्या भातात जायला लागली. मोंढ्यातून मी डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होऊन यायचो. बाई यायच्या आत कधी घरी पोचलो तर गया दारातच अडवायची. "बाहेरच थांबा! आधी आंघोळ करा. लेकराच्या डोळ्यात हळद जाईल."

"तीस वर्षं तुझ्या डोळ्यात गेली न्हाई का?"

"माझे डोळे पक्के झाले."

मिनू बोलायला लागली तशी मला 'पिवळा बाबा' म्हणू लागली. मी आलो की गयाच्या पदराआड लपायची, एक डोळा बाहेर काढायची, आणि दोघी हसायच्या. मोंढ्यातले टोमणे मारायचे ते वेगळंच. "काय लिंबाजी, म्हातारपणी पाळणा हालला म्हणं!" मी वरून शिव्या द्यायचो. ते टोमणे मला झेपत होते. त्या दोघींचं हसणं झेपत नव्हतं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी. बाई मिनूला घेऊन कळमनुरीकडं सासरी जायच्या. तेवढा महिना पैसे नसायचे. मला बरं वाटायला पाहिजे होतं, कारण महिनाभर गया माझी. पण ती जेवता जेवता थांबायची. "मिनूला दाढा येऊन राहिल्या असतील." मी सांगत असायचो की आडत्यानं मुकादमाला कसं झापलं, आणि ही दाढांवर. तिसऱ्या उन्हाळ्यात माझं डोकं फिरलं.

त्याच दिवसांत एक हमाल बोलता बोलता म्हणाला, मास्तर लोकांचं भारी हाय, सुट्टीतही घरबसल्या पगार. मला पाहिजे ती काठी सापडली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, मिनू परत आमच्याकडं यायला लागली. पहिल्याच रविवारी मी मास्तरांच्या घरी गेलो. सकाळची वेळ, सगळी कॉलनी ओट्यावर चहा पीत बसलेली. मुद्दाम ती वेळ गाठली.

मास्तर उठून म्हणाले, "जयभीम, लिंबाजीदादा. या, बसा."

"बसायला न्हाई आलो. मास्तर, एक सांगा. मे महिन्यात तुमी शिकवता का?"

"नाही. सुट्टी असते."

"अन् पगार?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. मी आवाज चढवला. "सरकार तुमाला बसून पगार देतं. मग आमच्या बाईचा काहून कापता? तीन उन्हाळे झाले. सहाशे रुपये काढा."

आतून बाई आल्या. मिनू मागून पळत आली, 'पिवळा बाबा' म्हणत माझ्या पायाला बिलगली. मी पाय काढून घेतला.

बाई म्हणाल्या, "दादा, मी दरवर्षी देत होते. गयामायच नको म्हणाल्या. लेकरू तुमच्याजवळ असताना पैसे कशाचे घेऊ, म्हणाल्या."

"ती काय बी म्हणंल. ती साधी हाय. तुमी शिकलेले ना?"

शेजारच्या ओट्यावर कुणीतरी खाकरलं. मास्तरांचं तोंड लाल झालं. आत जाऊन त्यांनी नोटा आणल्या, माझ्या हातावर ठेवल्या. बाई मिनूला उचलून शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. उद्यापासून आम्ही दुसरी सोय बघतो."

हेच ऐकायला मी गेलो होतो. माझं बोलणं बराबर होतं, आजही म्हणतो. मन बराबर नव्हतं.

घरी येऊन नोटा गयापुढं टाकल्या. ती मिनूचं झबलं शिवत होती. "हातातलं होऊ द्या." टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला, मग सगळं ऐकलं. सुई झबल्यात खोचून ठेवली. मग म्हणाली, "लेकरू काय पोतं हाय का, उचललं तेवढ्या खेपांचे पैसे मोजायला?"

"हक्काचे हायेत."

"असतील. मग तुमीच ठेवा."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती दारात जाऊन उभी राहिली. अकरा वाजले, बारा वाजले. कुणी आलं नाही. बाईंनी दुसरीकडं पोरीला ठेवलं होतं. मग ती आत आली आणि झोळी सोडून धोतराची घडी घातली.

त्या सहाशेत मी तिला चांगलं लुगडं आणलं. तिनं ते घडी न मोडता धाकटीला दिलं. मला गरम भाकरी मिळायला लागली, साय परत माझ्या वाटीत. ती माझ्याजवळ बसायची, मोंढ्याच्या गोष्टी ऐकायची, मध्ये एकदाही थांबवायची नाही. मला जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं, आणि ते अळणी होतं.

एकदाच तिनं विचारलं, "मास्तरांच्या घरी जाऊन एक बोल बोलता का? चूक झाली म्हणावं."

"हक्काचे घेतले. चूक कशाची?"

पुन्हा तिनं विषय काढला नाही. तिचा हा गुण होता आणि मला तो सोयीचा पडला. नऊ वर्षं मी समजत होतो, जिंकलो.

गयाला कावीळ झाली, बारा दिवसांत गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, लोक जेवून पांगले, तेव्हा बाई आल्या. सोबत बारा वर्षांची, दोन वेण्यांची मुलगी. मिनू. फोटोपुढं बसून जी रडायला लागली, माझ्या दोन पोरी तिच्याकडंच बघायला लागल्या. मला राग आला. माझी बायको मेलेली, आणि ही रडून राहिली माझ्यापेक्षा जास्त.

मी म्हणालो, "पोरी, तू तीन वर्षांची होतीस. तुला गया आठवती तरी का?"

तिनं नाक पुसलं. "म्हणजे काय? दर शनिवारी यायच्या ना गयामाय."

"कुठं?"

"शाळा सुटायच्या वेळी, मैदानावर. सायकल त्यांनीच शिकवली मला."

"गयानं? तिला कुठं येत होती सायकल?"

"येत नव्हती. मागून कॅरिअर धरून पळायच्या. मी ओरडायची, सोडू नका, सोडू नका. तर म्हणायच्या, 'कवाचीच सोडली बाई, तूच चालवून राहिली!'"

थोरली हसली आणि रडली. मी बाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "मीच म्हटलं होतं त्यांना, शनिवारी येत जा. घरी सांगू नका, हे मात्र मी नव्हतं म्हटलं."

म्हणजे मी लेकरू तिच्यापासून तोडलं नव्हतंच. त्या दोघींनी मलाच बाहेर ठेवलं होतं.

आणि पळायची? गया? एसटी सुटत असली तरी ती चालतच जायची. "जाईल तर जाईल, दुसरी येती," म्हणायची. एवढ्या वर्षांत मी तिला पळताना पाहिलं नव्हतं.

"कशी पळायची?" मी विचारलं.

मिनूनं आईकडं पाहिलं. आईनं मान डोलावली. ती उठली, ओढणी कमरेला खोचली. एक हात मागं कॅरिअर धरल्यासारखा, दुसरा डोक्यावर, पदर पडू नये म्हणून. आणि पळाली. पाय फेंगडे टाकत, कोपर बाहेर काढून, धापा टाकत, दारापासून अंगणातल्या नळापर्यंत आणि परत. "अगं बाई, आईच की!" धाकटी म्हणाली.

मला त्या पोरीचा हेवा वाटला. तिच्याजवळ माझी बायको होती, मी न पाहिलेली.

मी बाजेवरून उतरून उंबऱ्यावर येऊन बसलो, नीट दिसावं म्हणून. म्हणालो, "पुन्हा एकदा पळ माय. सावकाश पळ."