बाबांबरोबर सायकल जोडताना

आई गेल्यावर चार महिन्यांनी मी बाबांना कॉव्हेंट्रीला घेऊन आले. सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा होता. ते पुण्यात एकटे राहतात हे मला बघवत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. पण इथेही ते एकटेच होते. नवरा सोमवार ते गुरुवार केंब्रिजला, कामाच्या ठिकाणीच खोली घेऊन राहायचा. मुलगी स्कॉटलंडला शिकत होती. आणि मी हॉस्पिटलमध्ये. मी भूल देणारी डॉक्टर. आमच्या डिपार्टमेंटमधले दोघे सोडून गेले होते, त्यांच्या जागा भरल्या नव्हत्या, आणि त्यांचे ऑन-कॉल उरलेल्यांच्या रोटावर, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकावर, वाटून दिले होते.

त्या वर्षी मी दमलेली होते. झोपून भागेल असला तो थकवा नव्हता. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहापर्यंत झोपून उठले तरी अंग कालच्या सारखंच जड असायचं. स्वयंपाकघरात उभी राहून मी किटलीकडे बघत राहायचे आणि पाणी उकळून गेलं तरी लक्षात यायचं नाही.

बाबा सहाला उठायचे, चहा करून घ्यायचे, बसने फोल्सहिल रोडला जाऊन मेथी नाहीतर दुधी घेऊन यायचे, आणि मग खिडकीशी बसून राहायचे. चौतीस वर्षं पिंपरीच्या एका स्कूटरच्या कारखान्यात त्यांनी काढली होती, शेवटची बारा फोरमन म्हणून. असा माणूस समोरच्या घराची कचऱ्याची बिनं मोजत बसलेला मला दिसायचा आणि मी नजर चुकवून जिन्याने वर जायचे.

एप्रिलमध्ये एकदा किचनच्या कपाटाची बिजागरी सैल झाली म्हणून ते स्क्रू-ड्रायव्हर शोधायला गराजमध्ये गेले. संध्याकाळी मी आल्यावर म्हणाले, "गराजमध्ये खोकी आहेत. कसली?"

"सायकलची."

"सायकल कुठंय?"

"तीच आहे. जोडायची राहिलीय."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल."

त्याआधीच्या उन्हाळ्यात ऑपरेशन थिएटरमधली एक नर्स मला तिच्या जुन्या माउंटन बाइकवर जंगलात घेऊन गेली होती. सेहेचाळिसाव्या वर्षी मी चिखलात दोनदा पडले, कोपर सोलून घेतलं, आणि घरी येताना गाडीत मोठ्याने गात होते. मग ठरवलं, आपली सायकल घ्यायची, आणि तयार नाही, एकेक भाग निवडून आपल्या हाताने जोडायची. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली कार्बनची फ्रेम मागवली. फोर्क, चाकं, ब्रेक हळूहळू येत गेले. शेवटचं खोकं आलं त्याच आठवड्यात आईला पहिला स्ट्रोक आला. त्यानंतर वर्षभर मी पुणे आणि कॉव्हेंट्री करत राहिले. खोकी तशीच पडून होती.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी उठून खाली आले तर बाबांनी गराजचं दार वर केलं होतं, जमिनीवर जुनी चादर अंथरली होती आणि सगळे भाग ओळीने मांडले होते. फ्रेम त्यांच्या हातात होती. एका हाताने वर-खाली करून त्यांनी तिचा अंदाज घेतला, मग नखाने टिचकी मारली.

"हे प्लास्टिक आहे."

"कार्बन आहे बाबा. बारीक धागे असतात, ते रेझिनमध्ये बसवतात."

"म्हणजे कापड आणि डिंक."

"तसंच म्हणा."

"आणि यावर बसून तू डोंगर उतरणार?"

मला वाद घालायची ताकद नव्हती. मी म्हटलं, "आज नको ना बाबा, मी दमलेय." ते म्हणाले, "तू स्टुलावर बस. नुसतं सांग काय कुठे जातं ते."

अशी सुरुवात झाली. आठवड्यातून एक दिवस, कधी दोन तास, कधी अर्धाच. मी फोनवर व्हिडिओ लावून सांगायचे आणि ते करायचे. मग हळूहळू मी स्टुलावरून खाली चादरीवर आले. फोर्कची नळी कापायची होती तेव्हा त्यांनी तीनदा माप घेतलं, पेन्सिलीने खूण केली, माझ्याकडून पुन्हा मोजून घेतलं, आणि मगच हॅकसॉ लावली. नळी ॲल्युमिनियमची होती. कापून झाल्यावर कानशीने कडा घासताना त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा जरा मोकळा झालेला पाहिला. "हे ओळखीचं आहे," ते म्हणाले.

मागच्या ब्रेकची नळी फ्रेमच्या आतून न्यायची होती. पुढच्या भोकातून सारली की ती आत कुठेतरी अडायची. दोन तास गेले. मी रडकुंडीला आले आणि म्हटलं, दुकानात नेऊन देऊ. बाबा उठून घरात गेले आणि व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आले. शिवणाच्या दोऱ्याचं टोक त्यांनी एका भोकात सोडलं, दुसऱ्या भोकाला क्लीनरचं तोंड लावलं, बटण दाबलं. दोरा सरकन आरपार आला. त्याला नळी बांधून त्यांनी ओढून घेतली. हा क्लीनर इथे येईपर्यंत त्यांनी कधी हातात धरला नव्हता.

"कसं सुचलं?"

"अडलं की सुचतं," एवढंच म्हणून ते नळीवरचा दोरा सोडायला लागले.

आमचं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. कार्बनवरचे बोल्ट किती आवळायचे हे ठरलेलं असतं. त्यासाठी वेगळा पाना येतो, तेवढा जोर लागला की तो कट्ट वाजतो. बाबांना तो आवडायचा नाही. माझ्या हाताला कळतं, ते म्हणायचे. मी म्हणायचे, तुमच्या हाताला लोखंडाचं कळतं. लोखंड आधी वाकतं, सांगतं. हे काही सांगत नाही, एकदम जातं. ते तोंड वाकडं करायचे, पण पाना घ्यायचे.

जूनच्या मध्यावर मी लागोपाठ चार रात्रींचं ऑन-कॉल संपवून सकाळी नऊला घरी आले. सरळ झोपायला जायचं, तर गराजचं दार उघडं दिसलं आणि मी आत गेले. सायकल जवळजवळ उभी झाली होती. हँडल बसवायचं बाकी होतं, तेही कार्बनचंच.

"आत्ता नको," बाबा म्हणाले. "डोळे बघ तुझे."

"पाच मिनिटांचं काम आहे."

मी साधी अॅलन की घेतली. तो दुसरा पाना शोधायला उठायचा कंटाळा आला. चार बोल्ट होते. ते आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे असतात, हे मीच बाबांना दोनदा सांगितलं होतं. मी एकच धरला आणि फिरवत गेले. टक् असा बारीक आवाज आला.

बाबा पुढे आले. बोल्ट सोडून त्यांनी हँडल बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि त्यावरून नख फिरवलं. केसाएवढी रेघ होती.

"गेलं," ते म्हणाले.

"एवढ्याने काही होत नाही. चालेल."

"नाही चालणार."

मी चादरीवर बसले. मला रडू यायला लागलं आणि ते हँडलचं रडू नव्हतं. सहा महिने जे विचारायचं होतं ते तोंडातून निघून गेलं.

"बाबा, तेव्हा फोनवर मी चुकीचं सांगितलं का?"

आईला दुसरा स्ट्रोक आला तेव्हा मी इथे होते. पुण्यातल्या डॉक्टरांनी स्कॅन पाठवले. मी ते हॉस्पिटलच्या चेंजिंग रूममध्ये उभी राहून फोनवर बघितले. डॉक्टर बाबांना विचारत होते, गळ्याला छेद देऊन व्हेंटिलेटर चालू ठेवायचा का. बाबांनी मला फोन केला. मी म्हटलं, नका करू बाबा, आता यातून काही निघणार नाही. मी परक्या पेशंटच्या नातेवाइकांशी बोलते त्याच आवाजात बोलले होते. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

बाबा हँडल हातात धरून उभे होते.

"सही मी केली," ते म्हणाले. "तू सांगितलंस म्हणून नाही केली. तिचे हाल मी रोज बघत होतो. तू व्हेंटिलेटर ठेवा म्हणाली असतीस तरी मी तेच केलं असतं."

मी मान हलवली.

"पण तू आधी यायला हवं होतंस. तिने दोनदा विचारलं तुझं."

"रोटा..." मी म्हटलं आणि थांबले.

"हो, ते तू सांगितलं होतंस."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी हँडल भिंतीला टेकवून ठेवलं, माझ्या हातातली अॅलन की काढून घेतली आणि म्हणाले, "जा, झोप आता." मी वर गेले आणि संध्याकाळी सहापर्यंत झोपले. उठले तेव्हा खाली कुकरची शिट्टी होत होती. आम्ही खिचडी खाल्ली. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. मला हलकं वाटलं असं मी म्हणणार नाही. फक्त आता ते काय धरून बसलेत हे मला माहीत होतं, आणि मी काय, ते त्यांना.

नवीन हँडल मी ॲल्युमिनियमचं मागवलं. ते बाबांनी बसवलं, त्या कट्ट वाजणाऱ्या पान्याने, आळीपाळीने.

मग शॉकमध्ये, म्हणजे मागच्या शॉक अॅब्झॉर्बरमध्ये, हवा भरायची होती. ती चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरतात. मी बूट-हेल्मेट घालून सायकलवर बसायचं, दुसऱ्याने हँडल धरायचं, आणि शॉक किती दबतो हे त्यावरच्या छोट्या रबरी रिंगवरून बघायचं. माझ्या वजनाप्रमाणे हवा भरली तर शॉक पुरेसा दबेचना.

"वजन किती आहे तुझं?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं.

"काट्यावर कधी बघितलंस?"

बाथरूममधला काटा आणला. सहा किलो कमी भरलं. बाबा त्या आकड्याकडे बघत राहिले. "दिवसभर लोकांची वजनं विचारून औषध देतेस ना," ते म्हणाले आणि पंप हातात घेतला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात दोन पोळ्या जास्त यायला लागल्या. आईच्या आजारपणात ते पोळ्या करायला शिकले होते. जाडच व्हायच्या.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी आम्ही कॅनक चेसच्या जंगलात गेलो. बाबा कार पार्कजवळच्या बाकावर थर्मास आणि पेपर घेऊन बसले. मी निघाले. चढ लागला आणि पहिल्या पाच मिनिटांत माझी दमछाक झाली. सायकल हलकी होती, माझे पाय जड होते. दोन ठिकाणी मी उतरून चालत गेले. बारा-तेरा वर्षांच्या मुली बाजूने "सॉरी!" ओरडत पुढे गेल्या.

वर पोचून उतार सुरू केला तर मागून खडखड ऐकू आली. थांबले. मागचा भाग फ्रेमला जिथे जोडतात तिथला एक बोल्ट बोटाने फिरत होता. तो मीच लावला होता. खिशातल्या पान्याने घट्ट केला, बाकीचे सगळे एकेक करून तपासले, आणि तिथेच एका ओंडक्यावर बसून राहिले. पाइनच्या झाडांखाली गार होतं. उठावंसं वाटत नव्हतं.

मग उतरले. मुळं आली, दगड आले, मागचं चाक त्यांच्यावरून जाताना नुसतं खाली दबून वर आलं, आणि मला हातांत फारसं काही जाणवलं नाही. एका वळणावर मी ब्रेक उगाच दाबला, पुढच्या वळणावर नाही दाबला. गाणंबिणं काही सुचलं नाही. पण खाली येईपर्यंत मी हॉस्पिटलचा विचार केला नव्हता, हे खाली आल्यावर लक्षात आलं.

"कसं झालं?" बाबांनी विचारलं.

"दमले."

"ते दिसतंय. सायकल कशी आहे?"

"चांगली आहे. एक बोल्ट सैल होता."

"कोणता?"

मी दाखवला. त्यांनी हात लावून पाहिला, मग म्हणाले, "दे जरा." चौऱ्याहत्तराव्या वर्षी, माझं हेल्मेट घालून, पँटचा पाय मोज्यात खोचून त्यांनी कार पार्कला एक फेरी मारली. प्रत्येक पेडलला सायकल खाली-वर होत होती. "अगं, ही डोलतेय!" ते लांबून ओरडले. एका कुत्रेवाल्या बाईने त्यांना हात केला, त्यांनीही केला.

परत येताना एम-सिक्स मोटरवेवर नेहमीसारखं ट्रॅफिक होतं. कॉव्हेंट्रीच्या अलीकडे माझे डोळे मिटायला लागले, म्हणून मी रस्त्यालगतच्या थांब्यावर, सर्व्हिसेसमध्ये, गाडी घेतली. "दहा मिनिटं बाबा," म्हटलं आणि सीट मागे केली.

जाग आली तेव्हा ऊन गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं. बाबा बाहेर उभे होते. त्यांच्या हातात चहाचे दोन कागदी कप होते, त्यातल्या एकाची वाफ गेलेली. मी काच खाली केली.

"किती वेळ झाला?"

"सव्वा तास. घोरत होतीस."

"उठवायचं ना."

"कशाला?" ते म्हणाले, आणि गार झालेला कप स्वतःकडे ठेवून दुसरा, नुकताच आणलेला, त्यांनी मला दिला.