अक्कांचं स्टूल

कमरेचं हाड मोडून अक्का घरी पलंगावर पडल्या होत्या, आणि त्याच वेळी छत्र्यांच्या कारखान्यात कामावरही होत्या.

ही भानगड जुनी. त्यांच्या सासूच्या काळात हात भाजलेली एक शिवणारीण कारखान्याच्या फाटकाशी भीक मागत बसली, तीही स्वतः शिवलेल्या छत्रीखाली. बायकांना ते बघवेना. तेव्हापासून रीत पडली. जी आजारी पडेल तिच्या स्टुलाला तिचा एप्रन घालायचा आणि प्रत्येकीने एक जादा छत्री शिवून त्यापुढे ठेवायची. मालकाला छत्र्यांशी मतलब, शिवणारं कोण ते तो बघत नसे; स्टुलापुढे छत्र्या दिसल्या की हजेरी लागे.

पुढे सरकारनेही तेच केलं, फक्त स्टुलाविना. सगळ्यांच्या पगारातून थोडं कापायचं, मालकाने भर घालायची, अंथरूण धरलेल्याला घरबसल्या अर्धा पगार. बायकांनी विम्याचं कापून दिलं आणि स्टूलही चालूच ठेवलं. सवयीला औषध नाही.

म्हणून विमा अधिकारी घरी आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"बाई, तुम्ही आजारी आहात की कामावर?"

"आजारी! दिसत नाही का?"

"कारखान्यात तर रोज हजर आहात. मुकादम म्हणतो, इतकं नेटकं काम तुम्ही जन्मात केलं नव्हतं."

"मेल्याला आत्ता सुचलं कौतुक!"

सूनबाई पाणी घेऊन आली. "साहेब, आमच्या सासूबाई अशाच. एका जागी टिकतील तर शपथ."

"कामावरच्या माणसाला आजारपणाचे पैसे मिळत नाहीत. एक काय ते ठरवा," म्हणत तो गेला.

अक्का छताकडे बघत राहिल्या. हाड जुळायला महिने लागणार. तोवर पोरींनी रक्त आटवायचं? कालच कारखान्यात अक्कांच्या शेजारी बसणारी काडी, अंगाने तशीच म्हणून ते नाव, जादा छत्री शिवताना चक्कर येऊन पडली होती. आता तिचंही स्टूल मांडलेलं. उरलेल्या बायका दोन स्टुलांना पोसत होत्या. असंच चाललं तर एक दिवस नुसती स्टुलंच हजर, शिवायला कुणी नाही.

"सूनबाई, माझं स्टूल घरी आण."

"आणि बायकांनी विचारलं तर?"

"सांग, त्याला बरं नाही."

बायकांनी डोळे पुसत स्टूल हातगाडीवर चढवलं. इतकी गुणी कामगार गेली म्हणून मालक हळहळला. मुकादमाने अखेर गैरहजेरी लावली.

अधिकारी पुन्हा आला तेव्हा स्टूल एप्रन घालून पलंगाशेजारी उभं होतं. त्याने एकदा अक्कांकडे पाहिलं, एकदा स्टुलाकडे.

"ठीक. आता दोघंही आजारी. मंजूर."

"आणि आमच्या काडीचं?"

"तिचंही घरी आणवा," घाम पुसत तो म्हणाला आणि सही करायला स्टुलावर टेकू लागला.

"अहो, तिथं नको!" अक्का किंचाळल्या. "हजेरी लागेल माझी!"

साहेबाने उभ्यानेच सही केली.