आधी हात, मग बोलणं

सरोजाअक्का गेल्याचं त्यांच्या भाच्यानं फोनवर कळवलं. तेव्हा मी अण्णा नगरच्या आमच्या हॉस्पिटलात नव्या नर्सेसना संसर्गाच्या वॉर्डातला गाऊन कसा उतरवायचा ते दाखवत होते. झोपेतच गेल्या, म्हणाला. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि राहिलेलं शिकवून पूर्ण केलं. अक्कांना तेच आवडलं असतं असं वाटतं… माहीत नाही.

मी परभणीकडची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. नवऱ्याला श्रीपेरुंबुदूरच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईला आले. तमिळ अजिबात येत नव्हतं. हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी संसर्ग नियंत्रणाच्या मुख्य सिस्टर, म्हणजे सरोजाअक्का, माझ्या केसांकडे बघून चक्क मराठीत म्हणाल्या, "हा गजरा घरी ठेवून ये गे. जंतूंचं लग्न नाही इथं." मराठी खरी, पण तमिळच्या चालीवर. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या तंजावरचं. माझ्या बोलण्याला त्या 'रेडिओची मराठी' म्हणायच्या. मीही त्यांची नक्कल करायचे, त्यांच्यासमोरच.

अक्कांचा सगळा जीव वॉर्डातल्या एका लहानशा खोलीत होता. नवा, अनोळखी आजार आला की रुग्णाजवळून बाहेर येणारी नर्स तिथं अंगावरचा सगळा जामानिमा उतरवते. चूक होते ती तिथंच, असं अक्का सांगायच्या. आत माणूस सावध असतो. बाहेर येताना दमलेला असतो आणि हात आपसूक तोंडाकडे जातो. म्हणून समोर दुसरीनं उभं राहायचं, काय काढायचं ते एकेक मोठ्यानं सांगायचं, आणि तिनं सांगेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आणखी एक नियम त्यांनीच घातलेला… आपलं माणूस आत असेल तर आपण आत जायचं नाही.

मग त्यांचीच आई आत आली. कसला ताप, कुणालाच सांगता येत नव्हतं. नमुने तपासायला बाहेर गेले होते. तापात म्हातारीचं तमिळ पार पुसलं गेलं, मराठी तेवढी उरली. डॉक्टर अक्कांना म्हणाले, तुम्हीच जा, तुमच्याइतकं जपून कोण वागणार? मेट्रनचंही तेच म्हणणं. अक्कांनी काचेतून आईकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तू जा. बोल तिच्याशी. तुझी रेडिओची चालेल तिला."

म्हातारीनं माझा हात धरला तो शेवटच्या श्वासापर्यंत सोडला नाही.

मी बाहेर आले तेव्हा चष्म्याच्या आत पाणी साचलं होतं. त्या लहान खोलीत, फरशीवर आखलेल्या रेषेपलीकडे अक्का उभ्या. काचेतून त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "बोलू नको. आधी ग्लोव्हज." मग हात. मग चष्मा. मग गाऊन, आतली बाजू बाहेर, सावकाश गे. पुन्हा हात. आवाज रोजचाच. मास्क सगळ्यात शेवटी. तो टाकला, हात धुतले, पुसले, तेव्हा कुठं त्या भिंतीला टेकल्या.

"आई काय म्हणाली गे?"

"पोर जेवली का, विचारत होत्या."

"तू काय सांगितलंस?"

"जेवली म्हटलं."

"बरं केलंस," म्हणाल्या, आणि मग रडल्या.

पुढं अहवाल आला. नवा आजार नव्हताच तो. मला राग आवरेना. तुम्ही जाऊ शकला असता, मी म्हटलं, त्यांच्या हातात तुमचा हात असता. अक्का म्हणाल्या, "तेव्हा ठाऊक होतं का? ठाऊक नसतं तेव्हासाठीच तर आहे हे सगळं." मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पुरतं पटलंय असं म्हणणार नाही. मी मराठीत वाद घातला, त्यांनी ऐकून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डब्यात दहीभात आणला.

त्या खोलीत आता मी उभी असते. परवा एक नर्स आतून हुंदके देतच आली आणि काहीतरी सांगू लागली. मी तिला थांबवलं. आधी ग्लोव्हज, म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की ही बाई दगडाची आहे का… मी एकेक सांगत गेले. मास्क निघाला, हात धुऊन झाले. मग खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, आता सांग.