सव्वानऊचा फोन

मामा आमच्या ऑफिसात कोणाचेच मामा लागत नव्हते, तरी साहेबांसकट सगळे त्यांना मामाच म्हणायचे. त्यांचं काम म्हणजे बघत बसायचं. हे मी चेष्टेनं म्हणत नाही, त्यांना पगारच त्याचा होता. दवाखान्यात डॉक्टरांची वेळ घ्यायची असली की लोक मोबाइलवर आमचं पान उघडतात, आणि त्या पानामागे चौदा प्रोग्राम एकमेकांना निरोप पोचवत धावत असतात. त्यातला कुठला दमला, कुठला रुसला, हे मामांनी चार स्क्रीनवर बघायचं. चौदांपैकी तीन प्रोग्राम माझे. ते बिघडले की पहिली हाक मला, म्हणून माझं टेबल त्यांच्या शेजारी.

मी नवीन असतानाची गोष्ट. एका सोमवारी लोकांचे तक्रारीचे फोन थांबेनात, आणि स्क्रीनवर मात्र सगळे दिवे हिरवे. साहेब म्हणाले, "लोकांचंच नेट खराब असेल." मामा आपला जुना मोबाइल घेऊन जिना उतरले, रस्त्यावर उभं राहून त्यांनी आमचं पान उघडलं आणि परत आले.

"चाळीस सेकंद लागले," ते म्हणाले. "सत्तरीतलं माणूस एवढं थांबत नाही. त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं."

ते दिवे हिरवे ठेवणारी आमची तपासणी शेजारच्या खोलीतूनच होत होती, बाहेरून कोणी बघतच नव्हतं. "आपणच आपल्याला विचारतोय, कसं काय? आणि आपणच सांगतोय, मजेत!" मामा म्हणाले. साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग मामांनी वेळेसाठी येणाऱ्या प्रत्येक मागणीला एकेक नंबर दिला. ती चौदा प्रोग्राममधून कुठे रेंगाळली, कुठे अडली, हे शेवटपर्यंत दिसायला लागलं. दिवसाला चारशे अलार्म वाजायचे आणि लांडगा आला रे आला अशी गत होऊन कोणी ढुंकून बघायचं नाही. ते त्यांनी अकरावर आणले. त्यात माझेही सहा उडवले, म्हणून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांचं बरोबर होतं, पण हे मी अजून त्यांच्या तोंडावर कबूल केलेलं नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता. "माणसाची रेघ कधी सरळ नसते. आलेखात सरळ रेघ दिसली की समजायचं, मागे माणूस नाही, गजर आहे." याच नियमानं त्यांनी एकदा डॉक्टरांच्या सगळ्या वेळा आपोआप अडवून ठेवणारा कोणाचा तरी प्रोग्राम पकडला होता.

आता त्यांच्या आईबद्दल. ती दुसऱ्या गावी एकटी राहायची आणि रोज सव्वानऊला फोन करायची. सव्वानऊला आमची सकाळची मीटिंग. मामा खाली मान घालून पुटपुटायचे, "हो, पोचलो. हो, खाल्लं. अगं, मीटिंगमध्ये आहे." आम्ही हसायचो. मीही हसायचे, आणि आज मला त्याची लाज वाटते.

एका सुट्टीत मामा गावी गेले आणि आईच्या चहाच्या विजेच्या किटलीला त्यांनी एक छोटं यंत्र जोडलं. सकाळी किटली सुरू झाली की इथे मामांच्या मोबाइलवर हिरवा ठिपका. घर चालू, आई चालू. आईला म्हणाले, "आता रोज फोन करत बसू नकोस. मला इथून सगळं दिसतं."

आई म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवसापासून सव्वानऊचा फोन बंद झाला. पहिला आठवडा मामा खुशीत होते. मग मी बघायला लागले, की सव्वानऊला त्यांचा हात आपोआप मोबाइलकडे जातो. ठिपका हिरवाच असायचा. ते मोबाइल पालथा घालायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा सुलटा करायचे. "करमत नाही का?" मी एकदा विचारलं. "छे, उलट बरं झालं," म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधीच जमलं नाही. रविवारी ते स्वतः फोन करायचे, पण तेव्हा आई म्हणायची, "तुला तर सगळं दिसतं, मी वेगळं काय सांगू?"

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "ही बघ, आमच्या आईची महिन्याची रेघ. एक दिवस खाडा नाही." आवाजात कौतुक होतं. सुरुवातीला रेघ वरखाली होती. कधी सहा वीस, कधी सात. नंतर ती सरळ झाली होती. साडेसहा, साडेसहा, साडेसहा. नऊ दिवस.

"मामा," मी म्हटलं, "ही सरळ कशी?"

त्यांनी मोबाइल माझ्यापुढून मागे घेतला. त्यांचा घास तोंडातच राहिला. आईचा फोन लागेना, म्हणून शेजारणीला लावला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अहो, त्या दवाखान्यात आहेत, चक्कर येऊन पडल्या होत्या. आता बऱ्या आहेत. मला म्हणाल्या, त्याला कळवू नकोस, कामात असतो. फक्त रोज किटलीचं बटण दाब, नाहीतर काळजी करत बसेल. मी आपली गजर लावून दाबते."

"पण रविवारी मी बोललो की तिच्याशी!"

"तिथूनच बोलल्या त्या. घसा बसलाय म्हणाल्या ना?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावी निघताना त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आमच्या सिस्टिममध्ये त्या दवाखान्याचं नाव आणि आई पडली ती तारीख टाकली. शेजारणीनं आईसाठी घेतलेली वेळ तिथे होती, नंबरासकट. चौदाच्या चौदा प्रोग्राममधून गेलेली, हिरवी, अडीच सेकंदांत पूर्ण. ती त्यांच्याच स्क्रीनवरून गेली होती. मामा खुर्चीत बसले आणि सगळ्यांसमोर रडले. मीही रडले.

आई बरी होऊन घरी आली. मामांनी ते यंत्र स्वतःच्या हातानं काढलं आणि तिला म्हणाले, "आता पूर्वीसारखा रोज सव्वानऊला फोन कर." ती म्हणाली, "तेव्हा तुझी मीटिंग असते ना रे." तिनं कधी केला नाही. तिची सवय मोडली होती, ती त्यांनीच मोडली होती.

आता सव्वानऊला मामा फोन लावतात आणि आमची मीटिंग थांबते. कोणी हसत नाही. बोलणं बहुतेक अर्ध्या मिनिटात संपतं. बरी आहे, ठेवते, तुझं काम कर. फोन ठेवल्यावरही मामा तो थोडा वेळ हातातच धरून बसतात.

परवा त्यांनी विचारलं, "चहा घेतलास का?"

पलीकडून आई म्हणाली, "दिसत नाही का तुला?"

"नाही गं," मामा म्हणाले, "मला इथून काही दिसत नाही. तू सांग."

आम्ही सगळे थांबलो. मग आई सांगायला लागली. सकाळी दूध उतू गेलं होतं, तिथपासून.