चुकून लागला जी

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगू का, आधी हसायला म्हणून वाचायचे. पिंपळावरची बाई, मागून येणारा पैंजणांचा आवाज... जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या हर्षलला वाचून दाखवायचं आणि दोघांनी खिदळायचं, हा आमचा नेहमीचा कार्यक्रम होता. सासूबाई अमावस्येला दारावरून लिंबू ओवाळून टाकतात, तर मी त्यांना म्हणायचे, निदान त्याचं सरबत तरी करा. अशी मी बाई. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही मला हसलात तर माझी काही तक्रार नाही.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका आपत्कालीन कॉल सेंटरमध्ये कॉल घेते. नेमकं कुठलं ते सांगणार नाही, नोकरी प्यारी आहे. अपघात, साप, बाळंतपण, भावाभावांची डोकेफोड... फोन येतो, आम्ही ठिकाण विचारतो आणि गाडी पाठवतो. मध्यंतरी ज्यांना ऐकता-बोलता येत नाही त्यांच्यासाठी एक सोय आली. कॉल चालू असतानाच समोरचा माणूस मोबाईलवर टाइप करतो आणि त्याचं एकेक अक्षर त्याच क्षणी आमच्या स्क्रीनवर उमटतं. मेसेजसारखं सगळं लिहून मग पाठवायचं, असं नाही – तो लिहीत असतो तेव्हाच आम्ही वाचत असतो. खोडलं तर खोडतानाही दिसतं, आणि खोडलेलं रेकॉर्डला तसंच राहतं. आम्हीही टाइप करून उत्तर देऊ शकतो, ते त्याच्या स्क्रीनवर उमटतं. हे चालू असताना तिकडचा आवाजही हेडफोनमध्ये येत असतो.

सोय चांगली होती, पण तिच्याबरोबर एक नियम आला. अक्षरं आणि आवाज दोन्ही आले आणि दोघांचं जुळलं नाही, तर आवाजाचं ऐकायचं. कारण पोरं फोनशी खेळतात, खिशात बटणं दाबली जातात, आणि मग कोणीतरी मोठं माणूस फोन घेऊन सांगतं – चुकून लागला. असे कॉल दिवसभर येतात. बोलता येणाऱ्या माणसांनी नियम करायला बसलं की असाच नियम होणार.

शालू माझी मावसबहीण. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलणंही नाही. माझ्याहून लहान. मावशीच्या अंगणात आम्ही एकत्र खेळलो. तिला बोलवायचं तर मी जमिनीवर तळहात आपटायचे, तिच्या तळपायांना ते कळायचं आणि ती वळून बघायची. तीही तसंच करायला शिकली. एक थाप म्हणजे ‘हो’. दोन थापा म्हणजे ‘ताई, इकडे ये’. बाकीच्यांना ती हाताला धरून ओढायची, थापा फक्त माझ्यासाठी होत्या. मावशी आमचा हा खेळ बघत बसायची आणि कधीकधी म्हणायची, “माह्या पोरीचा आवाज एक डाव तरी ऐकाले भेटला असता...” मग उठून आपल्या कामाला लागायची.

शालूला मोहाडी तालुक्यातल्या एका गावात दिली. नवरा गुणवंत. घरची धानाची शेती, आणि शेताला लागूनच बोडी, म्हणजे छोटं तळं. माणूस दिसायला बरा आणि बोलायला अतिशय गोड. तेवढं एक बोलणंच काय ते होतं त्याच्यापाशी. मित्रांनी ‘मुकीचा नवरा’ म्हणून चिडवलं की तो घरी येऊन त्याचा राग शालूवर काढायचा. तिनं दंडावरचे वळ दाखवले तेव्हा मी खुणेनं म्हटलं, चल माझ्याकडे. ती आली नाही. मग मी तिच्या मोबाईलवर ती टाइप करायची सोय चालू करून दिली आणि समजावलं, काही झालं तर हे दाब, तिकडे आम्ही आहोत.

तिनं ते दाबलं. रोवणीचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस, भर दुपार. कॉल कोणाच्या टेबलावर पडेल ते मशीन ठरवतं. तो हर्षलकडे गेला आणि मी शेजारी दुसऱ्याच एका अपघाताच्या कॉलवर होते. स्क्रीनवर आलं, ‘गुणवंत मारते बोडीवर’. मग ती अक्षरं शेवटाकडून एकेक करत पुसली गेली आणि पुरुषाचा आवाज आला. शांत, हसरा.

“चुकून लागला जी. माही बायको मुकी हाये, फोनसंगं खेळून राहिली.”

हर्षल म्हणाला, ठीक आहे जी, बंद करतो. आणि त्यानं कॉल बंद केला.

संध्याकाळी शालू बोडीत सापडली. धानाचे परे, म्हणजे रोपं घेऊन बोडीच्या पाळीवरून, तिच्या बांधावरून जाताना पाय घसरला, मी ओरडलो पण तिला ऐकू कसं येणार, असं गुणवंत येईल त्याला सांगत होता. रडतही छान होता. लोक त्याचीच पाठ थोपटत होते.

ते रेकॉर्डिंग मी नंतर ऐकलं. गुणवंतच्या आवाजामागे, जमिनीवर, स्पष्ट – दोन थापा. हर्षलला ती फोनची खुडबुड वाटली होती. ताई, इकडे ये. पोलिसांनाही मी ते ऐकवायला लावलं, थापांचा अर्थ सांगितला. त्यांनी सहानुभूतीनं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मॅडम, पुसलेल्या दोन-तीन शब्दांवर आणि थापांवर केस उभी राहत नाही.

तेरवीला गुणवंत पंगतीत आग्रह करत फिरत होता. माझ्या पानात बुंदी वाढायला आला. मी पान उचललं, त्याच्यादेखत बाहेर नेलं आणि गाईपुढे टाकलं. त्यानं फक्त मान हलवली, बिचारी दुःखात आहे अशा अर्थाची. त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. तो मरायला नको होता. ज्या तोंडानं त्यानं ‘चुकून लागला’ म्हटलं, त्याच तोंडानं त्यानं खरं काय झालं ते सांगायला हवं होतं. रात्रंदिवस डोक्यात तेच. वर्ष सरतं न सरतं तोच कळलं की लाखांदूरकडची एक मुलगी त्याला बघितली आहे आणि बोलणी पक्की होत आली आहेत. या वेळी बोलणारी बायको करतो आहे, असं तो गावात सांगत होता म्हणे. ते ऐकून मी घरातला एक चांगला कप भिंतीवर फोडला.

दिवाळी झाली होती, धान कापणी सुरू होती. आम्ही नुकतेच डबे आटोपून बसलो होतो. माझ्या टेबलावर कॉल पडला आणि मी नंबर पुन्हा एकदा वाचला. तो शालूचा नंबर होता. तिचा मोबाईल गुणवंतच वापरत होता, एवढं मला माहीत होतं. त्यामुळे घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी नेहमीप्रमाणे बोलले, पण तिकडून फक्त घरघर आली. मग अक्षरं यायला लागली.

‘आग्या माशा चावल्या. गळा सुजला. बोलता येत नाई. बोडीवर आहो. लवकर या’

बोडीच्या पाळीवर मोठं झाड आहे, त्याला आग्या मोहोळ लागतं. कोणीतरी डिवचलं असेल किंवा घारीनं झडप घातली असेल. त्या माशा चावून गळा सुजला की माणसाकडे फार वेळ नसतो, हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच सांगतात. मी गाडीसाठी बटणाकडे हात नेला आणि तेवढ्यात हेडफोनमध्ये ऐकू आलं... थाप. थाप.

आणि मग एक बाई बोलली.

“चुकून लागला जी. माहा नवरा मुका हाये, फोनसंगं खेळून राहिला.”

तेच वाक्य. तीच शांत, हसरी चाल. आवाज तरुण, किंचित घोगरा, नवीन चालायला लागलेलं पोर जपून पाय टाकतं तसा एकेक शब्द टाकणारा. मी तो आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता. ऐकणार कुठून?

स्क्रीनवर अक्षरं आली, ‘कोन बोलते’. मग ‘इथ कोनी नाई मी एकटा’. म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं. हर्षलनं माझा चेहरा पाहिला आणि दुसरा हेडफोन कानाला लावला. बाई पुन्हा बोलली, तेच. हर्षलचा चेहरा उतरला. हे वाक्य तो तरी कसा विसरणार होता?

‘शालू’ असं उमटलं. मग थांबून, चुकत-माकत, ‘मीच ढकललो माफ कर’. आणि मग... मागून एकेक अक्षर पुसलं जाऊ लागलं. श्वास कोंडलेला, मरण समोर उभं, आणि गडी पुरावा पुसत होता. मला तेव्हा त्याची दया आली नाही. आजही येत नाही, आणि हे लिहिताना लाजही वाटत नाही.

“ताई, नियमानं तर बंद करावा लागते,” हर्षल हळूच म्हणाला.

माझा हात कॉल बंद करायच्या बटणावर होता. नियम माझ्या बाजूनं होता. आवाज सांगत होता, चुकून लागला. मला कोणी जाब विचारला नसता, रेकॉर्डिंगनंच माझी साक्ष दिली असती. आणि मला आनंद झाला होता, अगदी पोटातून. पण मग डोळ्यांपुढे तेरवीची पंगत आली. हा मेला असता तर पुन्हा सगळे म्हणाले असते, बिचारा गुणवंत. वर जाऊन बसला असता साळसूदपणे, आणि बोडीवर काय झालं ते कोणाला कधीच कळलं नसतं. एवढ्या स्वस्तात मी त्याला सोडणार नव्हते.

हर्षलला म्हटलं, गाडी पाठव. त्यानं पाठवली. पण तिकडे बाई बोलतच होती, थापा पडतच होत्या, आणि त्या माणसाची घरघर बारीक होत चालली होती. मी माईकवर म्हटलं, “शालू...” आणि माझं मलाच कळलं, मी केवढी मूर्ख. तिला ऐकू कुठं येत होतं?

मी टाइप केलं.

‘शालू, मी ताई. याला मारू नको. मला हा जिवंत पाहिजे. याला सगळं सांगू दे.’

ती अक्षरं एकेक करून गुणवंतच्या हातातल्या स्क्रीनवरही उमटत असणार, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच सावकाश टाइप केली.

बाईचा आवाज थांबला. थापा थांबल्या. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. जरा वेळानं एकच थाप आली.

हो.

गाडीवरच्या लोकांना गुणवंत पाळीवर पडलेला सापडला, मोबाईल छातीशी घट्ट धरलेला. त्याच्याबरोबरची बाई कुठं आहे, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, कुठली बाई मॅडम, इथं चिटपाखरू नाही. तो वाचला. सूज उतरली, श्वास नीट झाला, पण आवाज परत आला नाही. आधी भंडाऱ्याला, मग नागपूरला दाखवलं. डॉक्टर म्हणतात, गळ्यात काही दोष नाही, बोलायला हवा. तो बोलत नाही.

पुसलेली अक्षरं रेकॉर्डला होतीच. पोलीस ती घेऊन त्याच्या खाटेशी बसले आणि त्यानं बाकीचं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. फोन कसा हिसकावला, तिला कसं ढकललं, तिचा हात पाळीला लागला होता तो कसा सोडवला... सगळं. आता तो जेलमध्ये आहे. लाखांदूरच्या मुलीकडच्यांनी कधीच हात झटकले. जेलमध्ये कोणी कपडे आपटायला लागलं की तो कान झाकून भिंतीकडे तोंड करून बसतो, असं ऐकलं. ऐकून बरं वाटलं. त्याच्या तोंडून ऐकायची माझी इच्छा मात्र राहिलीच. ते तोंड शालूनं ठेवून घेतलं.

तो आवाज कुठून आला, ते आमच्या टेक्निकलच्या मुलांनी तपासलं. दुसरी लाईन मिसळलेली नाही, तो त्याच मोबाईलच्या माईकमधून आला आहे, एवढंच त्यांना सांगता आलं. मला तर तेवढंही सांगता येत नाही. हर्षल आता इथले अनुभव वाचून हसत नाही आणि मी सासूबाईंच्या लिंबांची थट्टा करत नाही.

पोलिसांना मात्र वाटत होतं की त्या दिवशी पाळीवर दुसरी कोणी बाई असणार. म्हणून त्यांनी गावातल्या, नात्यातल्या बायांना बोलावून रेकॉर्डिंग ऐकवलं. कोणी ओळखलं नाही. शेवटी मावशीला बोलावलं, मी सोबत गेले. साहेबांनी लावलं. चुकून लागला जी... मावशी खुर्चीत ताठ झाली.

“हे माही शालू हाये.”

साहेब नरमाईनं म्हणाले, आजी, तिला तर बोलता येत नव्हतं ना. मावशीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्या मशीनकडे बघत होती.

“अजून एक डाव लावा जी.”

त्यांनी पुन्हा लावलं. लेकराचा पहिला शब्द ऐकून आई हसते, तशी मावशी हसत होती.